कोणापैकी?

माझी आई गयाबाई हिच्यावर दोन वेळा अन्याय झाला. पहिला दुष्काळाच्या वर्षी, चैत्र सरता सरता, एका मंगळवारी सकाळी, न्याहारीची सुट्टी व्हायच्या थोडं आधी. दुसरा त्यानंतरच्या पाचव्या हिवाळ्यात, पौषातल्या एका रविवारी, संध्याकाळी पाच ते सव्वासहा या वेळात. दोन्ही एकाच डोंगरावर झाले, एकाच रस्त्यावर, आणि दोन्ही वेळा मी हजर होते. पहिल्याबद्दल मी तीन पत्रकं काढली, तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर बसले, भेटेल त्याला धरून सांगितलं. दुसऱ्याबद्दल आजवर एक ओळ लिहिलेली नाही. डोंगराचं नाव इथंही लिहिणार नाही. राणीसावरगावच्या बाजूला डोंगर पुष्कळ आहेत, ज्याला शोधायचा असेल त्याला सापडेल.

पिंगळी स्टेशनच्या मागं आमची एक खोली होती, वर पत्रे, खाली शेणानं सारवलेली जमीन. बाबा मी सातवीत असताना गेले, तेव्हापासून माय आणि मी दोघीच. माय शेतात कामाला जायची. घरात घड्याळ नव्हतं, गाड्या होत्या. पहाटेची पॅसेंजर गेली की चूल पेटायची, दुपारची मालगाडी आली की पत्रे थरथरायचे आणि फळीवरचे जर्मनचे डबे एकमेकांना लागून किणकिण करायचे. माय त्या डब्यांकडं बघून म्हणायची, "आले पाव्हणे, च्या ठेव." पुढं मी परभणीला कॉलेजात गेले, वसतिगृहात राहू लागले, आणि दर शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी यायची. त्या दिवशी येसराची दाट आमटी असायची. भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाचा तो वास स्टेशनवर उतरल्या उतरल्या यायचा, निदान मला तसं वाटायचं. पण माझ्या अंगालाही वास असे. आमच्या विद्यार्थी मंडळाचं, पत्रकं काढायचं सायक्लोस्टाइलचं यंत्र एका मास्तरांच्या न्हाणीघराशेजारी ठेवलेलं होतं, आणि बोटांना लागलेली शाई रॉकेलनं काढावी लागे. आधीची दोन वर्षं आणीबाणीमुळं सगळं गप होतं, त्या वर्षी पत्रकांना पुन्हा तोंड फुटलं होतं, आणि आमच्या मंडळात सगळ्यात जास्त तोंड मला होतं. माय दारातच म्हणायची, "आली मागणीवाली. आधी हात धू, मग मागण्या सांग."

मागण्या मी खरंच सांगायची. भाकरी थापता थापता ती ऐकायची. माझं बोलणं तेव्हा सगळं एकाच साच्याचं झालेलं होतं: कोणावर अन्याय झाला, केव्हा झाला, कोणी केला, आणि आमची मागणी काय. अजूनही तसंच आहे, हे तुम्ही वर वाचलंतच. किसनमामा, म्हणजे मायचा धाकटा भाऊ, मला चिडवायचा, "सुजाला मीठ पायजे असलं तरी ती 'मिठाच्या वाटपातील दिरंगाईचा निषेध' म्हणंल." माय हसायची, पण पदराआड. लेक शिकली याचा तिला अभिमान होता. त्या बोलण्यातलं किती तिला पटत होतं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं असतं हे आमच्या पत्रकात नव्हतं.

आता पहिला अन्याय. दुष्काळात पिंगळीला शेतात काम उरलं नाही, म्हणून माय मला घेऊन माहेरी गेली. तिथं डोंगरावर सरकारी काम निघालं होतं, पायथ्यापासून शिखरापर्यंत रस्ता. कशासाठी, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. वर गाव नव्हतं, विहीर नव्हती, एक पडका बुरूज तेवढा होता आणि वारा. पुरुष सुरुंगासाठी भोकं पाडायचे, बायका खडी फोडायच्या. मी नववीत होते, शाळेला सुट्टी लागली तसं मीही टोपलं उचललं. खडी फोडायची रीत असते. चिंध्या गुंडाळलेलं टायरचं कडं पायाच्या अंगठ्यानं दाबून धरायचं, दगड त्यात ठेवायचा, म्हणजे कपच्या उडत नाहीत, आणि हातोडी मनगटातून पाडायची, खांद्यातून नाही. मुकादमाजवळ एक लोखंडी कडी असे. तिच्यातून जाईल ती खडी पास, अडेल ती परत फोडायची. सगळ्या बायका एकदम ठोकू लागल्या की लांबून तो आवाज परातीखाली लाह्या फुटत असाव्यात तसा यायचा. माय त्यात सगळ्यांत चपळ. तिची खडी कडीत कधी अडली नाही.

त्या मंगळवारी तिच्या नाही, शेजारणीच्या हातोडीखालची कपची उडाली आणि मायच्या डाव्या डोळ्यात गेली. ती ओरडली नाही. हातोडी खाली ठेवली आणि म्हणाली, "सुजे, पानी आन." पाण्याचा रांजण दहा पावलांवर लिंबाच्या सावलीत होता, भरलेला. आमच्या लोकांनी त्याला हात लावायचा नाही, पाणक्यानं वरून ओतायचं आणि आम्ही ओंजळीनं घ्यायचं, असा तिथला कारभार. पाणक्या बैल घेऊन खाली ओढ्यावर गेला होता. मी रांजणाकडं धावले तर मुकादम आडवा आला. "हात लावू नको. पानक्या येऊ दे." मी म्हणाले, डोळ्यात दगड गेलाय. तो म्हणाला, "येतूय की आता. डोळा काय पळून जायलाय का?" पाणक्या आला तेव्हा लिंबाची सावली मायच्या पायांवरून सरकून तिच्या हातोडीवर गेली होती. तेवढा वेळ तिनं डोळा चोळू नये म्हणून मी तिचे दोन्ही हात धरून बसले होते. पाणी ओतलं, धुळीचा चिखल निघाला, कपची आतच राहिली. न्याहारी झाल्यावर तिनं पुन्हा हातोडी उचलली. ही हकीकत मी तीन पत्रकांत तीन तऱ्हांनी लिहिली आहे आणि तिचा एक शब्दही मागं घेत नाही.

तो डोळा पांढरा झाला. पाचव्या वर्षी दुसऱ्याचा उजेड उतरू लागला. मी तिला परभणीला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले होते, सरळ बोलले. खराब डोळा तेव्हाच काढायला हवा होता, तो आत तसाच राहिला आणि चांगल्यानं त्याचं दुखणं घेतलं. "भर उन्हात दिसेल यांना. ऊन उतरलं की नाही. आणि हेही किती दिवस, सांगता येत नाही." मायनं ते मान हलवून ऐकलं, जणू शेजारणीबद्दल चाललं होतं. परतीच्या गाडीत खिडकीशी बसली आणि पिंगळी येईपर्यंत बाहेर बघत होती. उतरायच्या आधी म्हणाली, "सुजे, मला डोंगरावर जायचंय."

मला वाटलं माहेरी जायचं म्हणते. ती म्हणाली, तसं नाही, वर. शिखरावर. दुष्काळाचं काम शेवटच्या वळणापर्यंत पोचलं तेव्हा आभाळ भरून आलं, काम बंद झालं आणि बायका खाली उतरल्या. उरलेला तुकडा पुढं कुणीतरी केला. ज्यांनी खडी फोडली त्यांच्यातली एकही बाई वर गेली नव्हती. "इतकी फोडली," ती म्हणाली, "आन् रस्ता कसा पडलाय ते ठावच न्हाई. फोडनाऱ्याला काय दिसतंय, म्होरचा दगड. एकदा वरून बघते. मग जाऊ दे डोळा." मायनं माझ्याकडं आयुष्यात मागितलेली ही पहिली गोष्ट, आणि फार वर्षांनंतरची एक सोडली तर शेवटची.

किसनमामा परभणीत एका जिनिंगवाल्या शेठची अँबॅसडर चालवायचा. तिचं इंजिन उघडून नवं केलं होतं, आणि अशा इंजिनाची गाडी पहिले काही दिवस हळूहळू, लांबवर पळवून आणावी लागते, नाहीतर ते धरतं, म्हणजे जाम होतं. शेठनं सांगितलं, रविवारी कुठं तरी फिरवून आण. मामानं विचारलं, बहिणीला बसवू का? शेठ म्हणाला, "बशीव की, सीट काय झिजते का?" हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मी त्या काळी सगळ्या शेठलोकांबद्दल एकच वाक्य लिहायची. माय पहाटेच्या गाडीला उठली, ज्वारीच्या पिठाचे धपाटे थापले, शेंगदाण्याची चटणी कुटली, दह्याचं गाडगं फडक्यानं बांधलं आणि सणाला काढायचं हिरवं लुगडं नेसून सकाळी आठलाच दारात बसली. मामा आला दुपारी बाराला. गॅरेजवाल्यानं काहीतरी काढून ठेवलं होतं ते बसवायला वेळ लागला. माय एवढंच म्हणाली, "ऊन हाय अजून. चल."

तो प्रवास मला आठवतो तो तिच्या बोलण्यामुळं. मागच्या सीटवर ती मांडी घालून बसली, चपला मांडीवर घेतल्या, आणि उजवा डोळा काचेला लावून बघतच राहिली. बघेल ते बोलायची. "करडई कशी पिवळी झाली बघ." "ह्याच्या जवारीला कनसं आली, आन् त्या बाजूच्याची अजून कशी हिरवीच?" "किसन्या, ते म्हातारं मघाशी बी दिसलं होतं का, का दुसरं हाय?" मामा चाळीसच्या वर काटा जाऊ देत नव्हता, लादलेले ट्रकसुद्धा आम्हाला मागं टाकून पुढं जायचे. "अक्का, लोक म्हनतील गाडीत मयत हाय," तो म्हणाला, आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला. गंगाखेडला गंगा ओलांडली. बाहेरचे लोक तिला गोदावरी म्हणतात, आम्ही गंगाच म्हणतो. पुलावर तिनं गाडी आणखी हळू करायला लावली. आणि मी काय करत होते? वहीत लिहीत होते. पुढच्या पत्रकासाठी.

घाट सुरू झाला तेव्हा साडेतीन होऊन गेले असतील. तिथून तिनं एकेक वळण ओळखून सांगायला सुरुवात केली, आणि डांबरानं झाकलेल्या त्या रस्त्याखाली काय आहे ते तिला अजून दिसत होतं. हे सखूचं वळन, हितं तिला कळा सुरू झाल्या आन् बाजेवर घालून खाली न्हेलं. ह्या वळनाला काळा दगड होता, लय चिवट, हातोडीचे दांडे मोडायचे. हितं साप निघाला तवा मुकादम सगळ्यांत आधी पळाला. लिंबाचं झाड आलं तेव्हा मात्र काही बोलली नाही. मी म्हणाले, "माय, इथंच ना?" आणि मामाला गाडी थांबवायला सांगितली. मला जागा नीट बघायची होती, रांजणापासून अंतर पावलांनी मोजायचं होतं. माय म्हणाली, "काय करायलीस मोजून? चल ना." तरी मी उतरले आणि मोजलं. पुढं इंजिन तापलं. मामानं बोनेट उघडून त्यावर ओलं फडकं टाकलं, आणि ते निवेपर्यंत बसावं लागलं. ऊन तेव्हा तिरपं झालं होतं, पण भरपूर होतं. माय रस्त्याच्या कडेला उभी राहून वर शिखराकडं बघत होती. "आलंच की," ती म्हणाली. "एक वळन राहिलं."

त्या शेवटच्या वळणावर बांबू आडवा होता. वरचा तुकडा अरुंद, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा, म्हणून तिथं बांधकाम खात्यानं चौकीदार बसवला होता. मफलर गुंडाळलेला, पन्नाशीचा माणूस, हातात काठी. तो खिडकीपाशी वाकला, आत मायकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "कोणापैकी?"

परभणीकडच्या वाचकाला हा शब्द समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगते. तुम्ही कोणापैकी, असं विचारलं की त्याचा अर्थ असतो, तुमची जात कोणती. थेट जात विचारणं वाईट दिसतं म्हणून ही वाट. एस्टीत शेजारी बसलेली बाई विचारते, खोली देणारा मालक विचारतो, वसतिगृहात ताट वाढणारा विचारतो. मी हा शब्द चालायला लागल्यापासून ऐकत आले होते आणि त्याचं उत्तर दिल्यावर समोरच्याचा चेहरा कसा मिटतो ते मला पाठ होतं. आमच्या पहिल्याच पत्रकाचं शीर्षक तेच होतं.

मी दार उघडून उतरले. "काय विचारलंत?"

"कोणापैकी हाव म्हनलं तुमी?"

"कशाला पाहिजे तुम्हाला?"

"मला इचारायचा हुकूम हाय, बाई."

"कुणाचा हुकूम? लेखी आहे?"

"साहेबाचा. लेखी कशाला पायजे? इचारायचं आन् सोडायचं."

विचारायचं आणि सोडायचं. मला काय ऐकू आलं असेल याचा विचार करा. मी वही काढली, त्याचं नाव विचारलं, मामाच्या घड्याळात बघून वेळ लिहिली. पाचला दोन कमी. मी त्याला सांगितलं की आम्ही बौद्ध आहोत, की ज्या रस्त्यावर तू काठी घेऊन उभा आहेस तो माझ्या मायनं फोडला, की त्यात तिचा डोळा गेला, की राज्यघटना नावाची एक गोष्ट आहे. मामा सीटवरून म्हणाला, "सुजा, आत बस. त्यो तसा इचारत नसंल." मी म्हणाले, मामा, तुम्हा लोकांच्या याच गप्प बसण्यानं हे चाललंय. तेव्हा काच खाली करून माय बोलली. आवाज चढवून नाही, नेहमीसारखंच.

"सुजे, मला वर जाऊन बघायचंय. तुझं मागून लिही."

चौकीदारानं काय केलं? बांबूची दोरी सोडली आणि बांबू वर केला. "जावा बाबा," तो म्हणाला, "जावा. खामखा डोकं खाऊ नका." रस्ता मोकळा झाला होता. हे वाक्य लिहायला मला चाळीस वर्षांहून जास्त लागली. रस्ता मोकळा झाला होता, ऊन होतं, माय गाडीत होती आणि शिखर एका वळणावर होतं. आणि मी गाडीच्या पुढं, रस्त्याच्या मधोमध, मांडी घालून बसले. हा माणूस माफी मागेपर्यंत गाडी वर जाणार नाही, अशी मागणी केली. ते मला तसंच शिकवलेलं होतं. दार उघडलं म्हणून प्रश्न सुटत नाही, तो का बंद होता याचा जाब घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. हे चूक नाही. आजही मी तरुण पोरींना हेच सांगते. पण दारात आपण एकट्याच आहोत का, हे आधी मागं वळून बघा, असं मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

मामानं हॉर्न वाजवला, उतरून माझा दंड धरला, मी झटकला. चौकीदार म्हणत होता, मी काय केलंय ते तरी सांग. मी म्हणत होते, तुला माहीत आहे. असं किती वेळ चाललं? वरून हॉर्न ऐकू आला तेव्हा चौकीदार दचकला आणि बांबू धाडकन खाली टाकला. "झालं," तो म्हणाला. "आता साहेबाच्या गाड्या उतरायल्या. त्या येईस्तवर कुनाला वर सोडता येत न्हाई." मामाला गाडी उलटी घेऊन कडेला लावावी लागली. पहिली जीप आली ती बांबूपाशी थांबली, कुणाची तरी पिशवी वर राहिली म्हणून पुन्हा वर गेली. मग दुसरी. मग ती पहिली पुन्हा. माय सगळा वेळ गाडीत बसून होती. ऊन खालच्या शेतांवरून निघालं, घाटाच्या वळणांवरून निघालं, आणि शेवटी फक्त शिखरावरच्या बुरुजावर राहिलं, तेव्हा ती उजवा डोळा बारीक करून तिकडं बघत होती. मी तिच्याकडं गेले नाही. मी निवेदनाचा मसुदा लिहीत होते.

शेवटची गाडी गेली. चौकीदारानं बांबू उचलला आणि मामाला म्हणाला, मला नाही, "त्या साहेबाची पार्टी होती वर, बंगल्याचा नकाशा करायला आलेली. त्या पार्टीपैकी हाव का, एवढंच इचारलं होतं. हाव म्हनलं की कवा बी सोडायचं, न्हाई म्हनलं तरी सोडायचं, पर वरचे निघायच्या आत." मामानं गाडी सुरू केली. मी पुढच्या सीटवर बसले. मामाच्या घड्याळात सव्वासहा.

वर पोचलो. वारा होता. मायला हात धरून मी बुरुजाच्या पुढच्या सपाटीवर नेलं. तिनं लुगड्याचा पदर डोक्याला घट्ट बांधला आणि उभी राहिली, मान थोडी वर करून, आंधळी माणसं उभी राहतात तशी. मी तिला पहिल्यांदा तसं पाहिलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "सुजे, रस्ता दिसायलाय का?"

"दिसतोय."

"कसा हाय?"

"चांगला आहे. डांबरी आहे."

"ते ठाव हाय मला. कसा दिसायलाय?"

मी खाली बघितलं. सगळं दिसत होतं. खाली रस्ता होता, शेतं होती, लांब गंगा होती. पण ते सांगायचं कसं? माझ्याजवळ निषेधाचे शब्द होते, मागणीचे होते, धिक्काराचे तर किती तरी होते. मी म्हणाले, "वळणावळणाचा आहे." ती वाट बघत राहिली, अजून काही येईल म्हणून. मग म्हणाली, "एवढंच का?"

तेव्हा मामा पुढं आला. चौथी नापास माणूस. त्यानं तिला हात धरून गाडीपाशी नेलं. बोनेटवर धुळीचा थर बसलेला होता. त्यानं तिचं बोट आपल्या हातात घेतलं. "अक्का, आडातून बादली काढली आन् हातातला कासरा तसाच खाली सोडला, तर कसा पडतो?"

"वेटोळ्यावर वेटोळं."

"तसा पडलाय. हे बघ." आणि तिचं बोट त्यानं धुळीतून फिरवलं. "हितून निघाला. हितं सैल पडलाय, हितं आवळला. हे सखूचं वळन. हे तुझ्या काळ्या दगडाचं. हितं लिंब, येवढासा, कोथिंबिरीच्या काडीवानी. आन् ह्यो शेवटला फेर."

"लय देखना फोडलाय की रं," ती म्हणाली.

"लय देखना."

"आन् गंगा?"

"ती लांब हाय. ताटाच्या कडंला तेल लागावं तशी, एक रेघ. चमकायली नुसती."

मायचं बोट थांबलं. "चमकायली? म्हंजी उजेड हाय अजून?"

मामाला आपण काय बोललो ते कळलं. मायनं आभाळाकडं तोंड केलं, मग खाली केलं, आणि बोटाची धूळ पदराला पुसली. "हाय तर," ती म्हणाली. "मलाच न्हाई."

धपाटे वर कुणी खाल्ले नाहीत. खाली येताना बांबूपाशी तिनं गाडी थांबवायला लावली, फडकं सोडलं आणि चौकीदाराला हाका मारून चार धपाटे त्याच्या हातावर ठेवले. "भाऊ, लेकीचं मनावर घिऊ नका. शाळंत गेल्यापासून तिला असंच व्हायलंय." तो हसला. तिथंच उभ्या उभ्या त्यानं एक धपाटा दुमडला आणि तिच्या हातचा खाल्ला, काही न विचारता. मी काचेतून बघितलं. ते वहीत लिहिलं नाही.

मला ठाऊक आहे, आमचे काही मित्र म्हणतील, तो शब्द काही निष्पाप नव्हता. तेही खरं. ज्या शब्दानं आमची इतकी दारं बंद केली, तो शब्द वापरणाऱ्यानं दुसरा शोधायला हवा होता. पण हे मी त्या माणसाच्या बाजूनं लिहीत नाही आणि विरुद्धही नाही. मायला पाण्यासाठी मुकादमानं थांबवलं. उजेडासाठी मी थांबवलं. पहिल्या वेळी मी तिचे हात धरून बसले होते, दुसऱ्या वेळी तेवढंही केलं नाही.

ज्येष्ठ यायच्या आत तिचा दुसरा डोळा गेला. त्यानंतर ती पुष्कळ जगली, गाड्यांवरून वेळ सांगत, हातानं चाचपून भाकरी थापत. मला कधी बोल लावला नाही. एकदाच, फार वर्षांनी, एका सभेत मी तिला व्यासपीठावर बसवलं आणि रांजणाची हकीकत सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "डोळ्याचं सांगतीस दर वेळी. बांबूचं बी सांग की कधी." मी म्हणाले, सांगेन. सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही सांगितलं नव्हतं. आज सांगितलं.

आता मागणी. ती शासनाकडं नाही, खात्याकडं नाही, तुमच्याकडं आहे. तुमच्या घरात एखादी बाई असेल जिची नजर, नाहीतर पाय, नाहीतर दिवस संपत आले आहेत, आणि तिला काही बघायचं राहून गेलं असेल. तुमची सभा, तुमचा मोर्चा, तुमचं बरोबर असणं, सगळं उद्यावर ढकला आणि तिला आज, ऊन आहे तोवर, घेऊन जा. तिथं पोचल्यावर तिला विचारा, काय दिसतंय. ती सांगू लागली की तुम्ही तोंड उघडू नका.